‘म्हातारचळ’ नावाचा आजार नाही

प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर वसलेले सिरोंचा. अनेक घरांत तेलुगू, बाजारात मराठी, जंगलातल्या गावांत माडिया-गोंडी आणि कामापुरती हिंदी. समजा, अशा ठिकाणी सत्तरीतली एखादी बाई तासाभरात चार वेळा तोच प्रश्न विचारू लागली. चुलीवर भात ठेवून विसरली. ‘माझे पैसे सुनेने चोरले’ असे शेजारणींना सांगत सुटली. आणि एका संध्याकाळी ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घरातून निघून गेली. अशा वेळी सिरोंचातच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत तीनपैकी एक निदान होते. ‘वय झालं, म्हातारचळ लागला.’ ‘बाहेरचं काहीतरी लागलंय.’ किंवा, ‘घरच्यांनी नीट पाहिलं नाही, म्हणून असं झालं.’

पहिल्या निदानात हसण्यापलीकडे काही करायचे नसते. दुसऱ्यात मांत्रिकाकडे जायचे असते. तिसऱ्यात घरचे शरमेने दार लावून घेतात. कारणे तीन, पण परिणाम एकच. त्या बाईला दवाखान्यात कोणी नेत नाही. तिला जो आजार आहे त्याचे वैद्यकीय नाव डिमेन्शिया, मराठीत स्मृतिभ्रंश. या आजारावर पूर्ण बरे करणारे औषध आज नाही. मात्र त्याच्याभोवती जमलेला कलंक कमी करण्याचे उपाय आहेत, ते फार महाग नाहीत आणि त्यांची एक चाचणी आपल्या शेजारच्या गोव्यात होऊन गेली आहे.

मेंदूत काय घडते?

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नाही. मेंदूच्या पेशी झिजवणाऱ्या अनेक आजारांतून निर्माण होणाऱ्या अवस्थेचे ते नाव आहे. त्यांतला सर्वाधिक आढळणारा अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका स्त्रीला तपासले. तिचे विस्मरण, संशय आणि गोंधळ यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात प्रथिनांचे साठे आणि पेशींतले गुंते दिसले. जिला लोक वेडी म्हणत होते तिच्या मेंदूत डोळ्यांना दिसेल असा बिघाड होता.

मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने किंवा फुटल्याने होणारा रक्तवाहिन्यांचा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार. लेवी बॉडी आणि मेंदूच्या पुढच्या भागावर आघात करणारा फ्रंटोटेम्पोरल हे आणखी दोन प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते आणि त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. भारतातील राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, हा आजार आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. ‘हा शहरातल्या शिकलेल्यांचा आजार’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

वागण्यामागचे कारण

कलंक आजाराच्या नावाला चिकटण्याआधी वागण्याला चिकटतो. हात थरथरला तर लोक दया दाखवतात. शिवी दिली तर राग येतो. स्मृतिभ्रंशात दिसणारे बरेचसे वागणे असे असते की ते मुद्दाम केले आहे असे वाटावे. म्हणून प्रत्येक वागण्यामागे मेंदूत काय बिनसले आहे, हे जाणून घेण्यापासून सुरुवात करावी लागते.

चोरीचा आळ घ्या. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर झिजतो. पैसे कणगीमागे ठेवल्याची नोंदच मेंदूत होत नाही. पैसे जागेवर नाहीत एवढे मात्र दिसते. ती पोकळी मेंदू सर्वांत सोप्या कारणाने भरतो, ‘कोणीतरी घेतले’. आणि घरात सर्वाधिक वावरणारी व्यक्ती म्हणजे सून. आळ तिच्यावर येतो तो द्वेषातून येत नाही. ती जवळ असते म्हणून येतो.

‘मला घरी जायचंय’ हे वाक्यही तसेच. ताज्या आठवणी पुसल्या तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बऱ्याच काळ टिकतात. त्या बाईच्या मनात ‘घर’ म्हणजे माहेरचे घर असू शकते. आजचे घर तिला खरोखर परके वाटते. दिवस कलला की हा गोंधळ अनेकांत वाढतो. उजेड कमी होतो, थकवा आलेला असतो, सावल्या लांबतात. याच वेळी गावात दिवेलागण होते आणि ‘तिन्हीसांजेला वारा येतो’ असे सांगणारे भेटतात.

लेवी बॉडी प्रकारात रुग्णाला माणसे, लहान मुले, प्राणी दिसतात, तेही स्पष्ट आणि तपशीलवार. कोपऱ्यात बसलेल्या मुलाशी आजी बोलते, तेव्हा तिच्या मेंदूचा पाहण्याशी जोडलेला भाग ते मूल खरोखर तयार करत असतो. काही रुग्णांना आरशातले आपलेच रूप परक्या माणसासारखे वाटते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर आठवण सुरुवातीला शाबूत असते, पण लाज-संकोचाचा लगाम सुटतो. जन्मभर मितभाषी असलेला माणूस चारचौघांत अर्वाच्य बोलतो, कपडे काढतो, दुसऱ्याच्या ताटातले उचलतो. या प्रकारात आजाराची सुरुवात अनेकदा साठीच्या आतच होते, म्हणून ‘वय झालं’ ही सबबही मिळत नाही. थेट चारित्र्यावर बोट ठेवले जाते.

तीन समजुतींची किंमत

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात थट्टा आहे तशी एक चुकीची माहितीही आहे. म्हातारपणी नाव चटकन न आठवणे, चष्मा शोधत बसणे स्वाभाविक आहे. रोजच्या वाटेने घरी परतता न येणे, पैशांचा हिशेब पूर्ण सुटणे, पोटच्या मुलाला न ओळखणे हे स्वाभाविक नाही. ही गल्लत फक्त खेड्यातली नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात सर्वसामान्यांपैकी ८० टक्के लोकांनी स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा नेहमीचा भाग असल्याचे मानले. पाच वर्षांपूर्वी हे प्रमाण ६६ टक्के होते. आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांपैकीही ६५ टक्क्यांचे मत तेच होते. म्हणजे रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेले, तरी तिथूनही ‘वय झालं, आता असंच चालायचं’ असे ऐकून परतण्याची शक्यता मोठी.

दुसऱ्या समजुतीची किंमत जीवही असू शकते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत सत्तरी गाठलेलेही होते. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. या घटना स्मृतिभ्रंशामुळे घडल्या असे म्हणण्यास आधार नाही. पण ज्या मुलखात संशय इतक्या टोकाला जाऊ शकतो, तिथे रात्री एकटीच बडबडणाऱ्या, न दिसणाऱ्या माणसांशी बोलणाऱ्या, दुसऱ्याच्या अंगणात शिरणाऱ्या वृद्धेचे काय होऊ शकते, याचा अंदाज येतो. नामिबियातील हिंबा समाजातील एका वृद्धेला झपाटलेली समजून सुमारे वीस वर्षे साखळीने बांधून ठेवले होते. तिला स्मृतिभ्रंश असल्याचे लक्षात आल्यावर गावकऱ्यांना समजावून तिची साखळी काढण्यात आली.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावासाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई आहे.

तिसरी समजूत वरकरणी रुग्णाच्या बाजूची वाटते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी ज्येष्ठ नागरिक, त्यांची काळजी घेणारे आणि स्थानिक जाणकार यांच्याशी केलेल्या संवादांवर आधारलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे वर्णन ऐकताच लोकांनी तो ओळखला, पण तो आजार मानला नाही. मुलांनी केलेली हेळसांड, प्रेमाचा अभाव, गरिबी ही त्यामागची कारणे म्हणून सांगितली गेली. केरळमधल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. तिथे घरची माणसे रुग्णाच्या वागण्याला हट्ट किंवा मुद्दाम दिलेला त्रास समजत होती. दोन्ही एकत्र आणली की घराघरातले चित्र पुरे होते. घरचे म्हणतात, ‘ही मुद्दाम करते.’ गाव म्हणते, ‘हे नीट बघत नाहीत.’ काळजी घेणाऱ्या स्त्रीला आतून आळ आणि बाहेरून बोल, असा दुहेरी मार बसतो.

लपवल्याने धोका वाढतो

बोल टाळण्यासाठी घरचे आजार लपवतात. लग्नकार्याला रुग्णाला नेत नाहीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात, हळूहळू बाहेर जाणे बंद होते. माणसांत मिसळणे थांबले की बोलणे कमी होते आणि उरलेली क्षमताही वापराविना लवकर जाते.

सिरोंचासारख्या भागात लपवण्याचा आणखी एक धोका आहे. घरातून निघून वाट चुकणे हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. इथे गावाच्या एका बाजूला नदीपात्र आणि दुसऱ्या बाजूला जंगल असते. आजीला आजार आहे हे किराणा दुकानदाराला, बसस्थानकावरच्या माणसांना, नावाड्याला, गुराख्याला ठाऊक असेल तर कोणीतरी हाताला धरून तिला परत आणते. कोणालाच सांगितले नसेल, तर नदीच्या वाटेने चाललेली म्हातारी ही फक्त नदीच्या वाटेने चाललेली म्हातारी असते. तिला कोणी थांबवत नाही.

गोव्यात काय करून पाहिले

गोव्यातील बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत डॉ. अमित डायस, डॉ. पटेल आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांसह एक चाचणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, साधारण पंधरवड्याला एकदा, ‘घरपोच सल्लागार’ जात होते. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा येणाऱ्या, लोकांत मिसळून काम करण्याची आवड असलेल्या व्यक्तींना आठवडाभराचे प्रशिक्षण दिले होते. त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक होते.

सल्लागारांचे काम साधे होते. हा आजार आहे, हे घरच्यांना सांगायचे. त्रासदायक वागण्यामागचे कारण आणि त्यावर काय करता येईल ते समजावायचे. आंघोळ, जेवण, कपडे यांची सोपी पद्धत बसवून द्यायची. वागणे फारच बिघडले तर डॉक्टरांकडे पाठवायचे. सरकारी योजनांची माहिती द्यायची आणि अशाच इतर कुटुंबांची गाठ घालून द्यायची. उरलेल्या कुटुंबांना सुरुवातीला केवळ माहिती देऊन नंतर हीच सेवा देण्यात आली.

सहा महिन्यांनंतर काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले होते आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. रुग्णाच्या वागण्यात किंवा कामे करण्याच्या क्षमतेत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल इतका फरक पडला नव्हता. हा निकाल नीट वाचायला हवा. आजार जवळपास तसाच होता, पण घरच्यांना त्याचा जाच कमी वाटू लागला. ‘ती मुद्दाम करते’ याजागी ‘तिचा मेंदू तसे करतो’ हे समजले की तेच वागणे वेगळे दिसू लागते. चाचणी कलंक मोजण्यासाठी नव्हती, पण कलंक घरात जिथून सुरू होतो त्या ठिकाणी तिने हात घातला होता.

सिरोंचात हे कसे दिसेल?

गडचिरोली जिल्ह्याला घरोघरी जाऊन आरोग्यसेवा देण्याची कल्पना नवी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरपोच काळजी याच जिल्ह्यात उभी केली. आज आशा सेविका गावोगाव आहेत. बाळंतीण, नवजात बाळ, हिवताप, क्षयरोग यांसाठी त्या दारात येतातच. त्यांच्या कामाचा भार आधीच मोठा आहे. त्यामुळे नवे काम देताना मोबदला आणि प्रशिक्षण दोन्ही द्यावे लागेल. पण ज्या घरात त्या दहा वर्षे जात आहेत, तिथे ‘आजीला कधीपासून असं होतंय?’ हा प्रश्न त्यांनी विचारणे आणि अनोळखी माणसाने विचारणे यांत फरक आहे. ज्या पुजाऱ्यावर गावाचा विश्वास असतो त्यालाही यात सोबत घेणे उपयोगी ठरेल. त्याने ‘हे माझ्याकडचं नाही, दवाखान्याचं आहे’ असे म्हटले, तर त्याचे वजन फलकापेक्षा जास्त असते.

पुढची अडचण तपासणीची. स्मृतीच्या प्रचलित चाचण्यांत वाचायला, लिहायला, उलट्या वजाबाक्या करायला सांगतात. शाळेत न गेलेली निरोगी आजीही त्यात नापास होते. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या हिंदी चाचणीत यावर तोड काढली होती. ‘डोळे मिटा’ असे लिहिलेले वाचायला देण्याऐवजी तपासनीस ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून स्वतःचे डोळे मिटतो. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायला सांगतात.

सिरोंचात भाषेचा पेचही येतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि माणूस बालपणीच्या भाषेकडे वळतो. आयुष्यभर बाजारात मराठी बोललेली बाई ‘नीळ्ळु’ म्हणून पाणी मागू लागते. तेलुगू न येणाऱ्या परिचारिकेला ते बरळणे वाटू शकते. म्हणून तपासणीच्या वेळी रुग्णाची मातृभाषा बोलणारे कोणीतरी जवळ हवे. याच बहुभाषिकतेची एक जमेची बाजूही आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक आढळला. अशा अभ्यासातून कारण पक्के ठरत नाही. तरी तीन भाषांत व्यवहार करणाऱ्या निरक्षर आजीला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आधी हे तपासा

विसरण्याचा प्रत्येक प्रकार स्मृतिभ्रंश नसतो. म्हणूनही रुग्णाला दवाखान्यात नेणे गरजेचे आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीखाली साचलेले रक्त, काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही असेच गोंधळल्यासारखे होते आणि यांतले बरेच उपचाराने सुधारते. दोन-तीन दिवसांत अचानक भ्रम झाला तर ती तातडीची बाब समजावी. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात तापासोबत भ्रम आला, तर सर्वांत आधी हिवतापाची रक्ततपासणी करावी. तिथे मांत्रिकाकडे घालवलेली एक रात्र जिवावर बेतू शकते.

लकव्याचा झटका हे या जिल्ह्यातले दुसरे मोठे कारण. ‘सर्च’च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मेंदूचा झटका हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले, सातात एक मृत्यू त्यामुळे. झटक्यातून वाचलेल्यांना रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचा धोका असतो. म्हणजे रक्तदाबाची गोळी रोज घेणे हा स्मृती वाचवण्याचाही उपाय आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडलेले आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, कमी शिक्षण, एकटेपणा, उपचार न केलेली बहिरेपणाची आणि नजरेची अडचण यांचा समावेश आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा कानाचे यंत्र ‘आता या वयात कशाला?’ म्हणून टाळले जाते. ते टाळू नये.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांसारखी औषधे काही रुग्णांत लक्षणे थोडी कमी करतात. आजार थांबवत नाहीत. सिरोंचाहून जिल्हा रुग्णालय सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे पहिली पायरी गावाजवळचे आरोग्य केंद्र आणि सिरोंचाचे ग्रामीण रुग्णालय हीच राहणार. तिथल्या डॉक्टरांना हा आजार ओळखता येणे आणि ‘वय झालं’ न म्हणणे ही मागणी रास्त आहे.

शब्द बदलले तर?

जपानमध्ये या आजाराचा जुना शब्द मूर्खपणा सुचवणारा होता. २००४ मध्ये सरकारने तो बदलून ‘आकलनाचा आजार’ अशा अर्थाचा नवा शब्द आणला. पुढच्या वर्षी ‘डिमेन्शिया सपोर्टर’ ही मोहीम सुरू झाली. दुकानदार, बँक कर्मचारी, बसचालक, शाळकरी मुले यांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण द्यायचे आणि खूण म्हणून नारिंगी कडे द्यायचे. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. दीड तासात कोणी तज्ज्ञ होत नाही. पण गोंधळलेल्या वृद्धाला दुकानात तेच पैसे तिसऱ्यांदा मोजायला लागले तर चिडायचे नाही, एवढे नक्की कळते.

मराठीतला ‘स्मृतिभ्रंश’ शब्द ‘म्हातारचळ’पेक्षा सभ्य असला, तरी भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आसक्ती आणि क्रोधातून होणाऱ्या अधःपतनाची एक पायरी म्हणून येतो. दोषाची छटा त्यालाही आहे. शिवाय त्यातून फक्त विसरणे कळते. संशय, भास, भाषा जाणे, वाट चुकणे कळत नाही. म्हणून बोलताना ‘मेंदूचा आजार’ असे साधे म्हणणे बरे. रुग्णाला ‘वेडी’, ‘भ्रमिष्ट’, ‘लहान बाळ’ म्हणू नये.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हत्तीच्या मागे जाऊन हरवलेल्या त्या पंडिताला हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलींना वडिलांचे जुने रूप आठवते आणि आताचे सोसवत नाही. हत्तीवालीला जुने काही माहीतच नाही, म्हणून समोरचा माणूस जसा आहे तसा ती स्वीकारते. ओळखीच्या माणसांना हे अवघड जाते, हे मान्य करूनच त्यांना मदत करायला हवी.

घरी एवढे करता येईल

‘मला ओळखलंस का?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘आजी, मी सुरेश, तुझा नातू’ असे आपले नाव सांगूनच बोलायला सुरुवात करा. चोरीचा आळ आला तर वाद न घालता ‘चला, मिळून शोधू’ म्हणा. ‘घरी जायचंय’ म्हटले तर ‘हेच घर आहे’ असे ठासून सांगण्यापेक्षा थोडे अंगणात फिरवून आणा, माहेरच्या गोष्टी विचारा. उठणे, आंघोळ, जेवण रोज त्याच वेळी ठेवा. एका वेळी एकच सूचना द्या. संध्याकाळी दिवा लवकर लावा. कीटकनाशके, कोयता, काडेपेटी हाताशी ठेवू नका.

काम पूर्ण काढून घेऊ नका. तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, मोहफुले वाळत घालणे हे हातांना बराच काळ आठवते. गळ्यात किंवा मनगटावर नाव, गाव आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला बिल्ला असू द्या. शेजाऱ्यांना, दुकानदाराला आजार सांगून ठेवा. काळजी घेण्याचे काम एकट्या सुनेवर किंवा मुलीवर सोडू नका. आठवड्यातून अर्धा दिवस तरी तिची सुटका होईल असे घरातल्या पुरुषांनी पाहावे. आणि तिच्यावर आळ आला, तर ‘हा आजार बोलतोय’ असे तिच्या देखत कोणीतरी म्हणावे.

दवाखान्यात जाताना कोणती लक्षणे कधीपासून आहेत, सध्या कोणती औषधे चालू आहेत, आधी लकवा किंवा डोक्याला मार लागला होता का, हे लिहून न्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या दोन्ही क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. ‘टेलि-मानस’वर काळजी घेणारी व्यक्ती स्वतःच्या थकव्याविषयी आणि निराशेविषयीही बोलू शकते.